तात्पर्यावर हात ठेवला की

म्हातारी लेकीकडे निघालेली असते आणि रानात वाघ आडवा येतो. पळायची ताकद नाही, मदतीला कुणी नाही, हातात काठी तेवढी. तिच्यापाशी उरतं ते फक्त बोलणं. आता ती काय बोलते ते नीट बघा. ती दयेची भीक मागत नाही, वाघाला पापाची भीती घालत नाही. ती चक्क वाघाच्या पोटाचा विचार करते. आत्ता माझ्या अंगावर हाडंच आहेत, लेकीकडे चार दिवस चांगलंचुंगलं खाऊन येते, मग तुला मी जास्त पुरेन. वाघाला हे पटतं आणि तो बाजूला होतो.

ही गोष्ट आपण इतक्या लहानपणी ऐकतो की तिच्यातलं नवल दिसेनासं होतं. समोरच्याला पटवायचं असेल तर आपल्या अडचणीपेक्षा त्याच्या फायद्याचं बोलावं, आणि नुसतं मागू नये, मागण्याला कारण जोडावं. मोठ्या माणसांना वक्तृत्वाच्या वर्गात शिकवतात ते हेच. बीड जिल्ह्यात केज किंवा धारूरकडच्या एखाद्या वस्तीवर आजीच्या मांडीत बसलेलं तीन-चार वर्षांचं पोर ते कळून हसतं, आणि दुसऱ्या दिवशी वापरतंही: मला जत्रेला न्या, वाटेत कडेवर घे म्हणणार नाही.

मग शाळेत काय होतं? तेच मूल पाचवी-सहावीत वहीत लिहितं, ‘मला ही गोष्ट खूप आवडली. यातून चांगला बोध मिळतो,’ आणि पेन खाली ठेवतं. दहावीच्या ‘कुमारभारती’त धड्याखाली ‘स्वमत’ असा प्रश्नच असतो. किती सुंदर प्रश्न! पण त्याचं उत्तर गाईडमधून येतं, आणि मग वर्गातल्या सगळ्या वह्यांमध्ये एकच स्वमत सापडतं. तोंडात असलेली कला कागदावर उतरताना कुठे गळून पडते?

ती परत आणण्याचा एक मार्ग फार जुना आहे आणि कमालीचा साधा आहे: गोष्टीची पुस्तकं. मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, तिच्यावर वाद घालू द्यायचा, आणि वाद गरम असतानाच मत लिहायला कागद द्यायचा.

गोष्टच का? कारण मत असणं म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी न पटणं. घरात, गावात, वर्गात मुलासमोर असतात ती त्याच्याहून मोठी माणसं. ‘मला नाही पटत’ म्हणायला तिथे छाती लागते. पुष्कळ घरांत त्याला उलट बोलणं म्हणतात. गोष्टीतल्या चिमणीशी मात्र बिनधास्त भांडता येतं. बाहेर धो धो पाऊस, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं, आणि ही बाई दार न उघडण्याच्या एकामागून एक सबबी सांगते. हे बरोबर केलं का तिनं? वर्ग बघता बघता दोन तट पाडतो. कुणाचा अपमान होत नाही, कुणाच्या घरी तक्रार जात नाही.

दुसरं कारण मला त्याहून मोलाचं वाटतं. गावातल्या एखाद्या तंट्याबद्दल विचारलं, तर ज्याच्या घरी जास्त बातम्या येतात त्याचंच चालतं. पुस्तकाचं पान मात्र सरपंचाच्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच ऊसतोड मजुराच्या मुलीला दिसतं. तिनं ओळीवर बोट ठेवून ‘हे बघा सर, इथं दिलंय’ म्हटलं की सगळ्यांना ऐकावं लागतं. पुरावा नावाची गोष्ट मुलाला पहिल्यांदा भेटते ती अशी, बोटाखाली.

आणि तिसरं म्हणजे, गोष्टीतली पात्रं स्वतःच अखंड एकमेकांना काही ना काही पटवत असतात. पंचतंत्र या नजरेनं उघडून पाहा. विष्णुशर्म्यानं तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करण्याचा विडा उचलला, त्यासाठी हा ग्रंथ रचला, अशी त्याची चौकट. आत शिरलं की काय दिसतं? सिंहाला कोल्हा पटवतोय, मगरीला माकड पटवतंय, राजाला मंत्री पटवतोय. आणि पटवताना प्रत्येक जण म्हणतो, यावर एक गोष्ट सांगतो, ऐक. गोष्टीच्या पोटात वाद, आणि वादाच्या पोटात पुन्हा गोष्ट.

त्यातली बोकडाची गोष्ट आठवते? एक ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललाय. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर तीन ठग उभे. पहिला म्हणतो, खांद्यावर कुत्रं कशाला घेतलं? ब्राह्मण चिडतो. दुसरा तेच विचारतो, तेव्हा तो चाचरतो. तिसऱ्यानंतर तो बोकड खाली टाकून पळतो. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगानं दाखवलं, की तेच विधान पुन्हा पुन्हा ऐकलं की ते माणसांना अधिक खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा नसो. काकोलूकीय तंत्रात हे शतकानुशतकं आधी सांगून झालेलं आहे, तेही बोकडासकट! आणि ही गोष्ट तिथे करमणूक म्हणून येत नाही. घुबडांना छलानं कसं जिंकता येईल हे कावळ्यांच्या राजाला पटवण्यासाठी त्याचा म्हातारा मंत्री ती सांगतो. आज पाटोद्याच्या एखाद्या वर्गात ही गोष्ट वाचून ‘ब्राह्मणानं खात्री कशी करून घ्यायला हवी होती?’ एवढा एकच प्रश्न टाकला, तर मुलं मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांपर्यंत आपणहून पोचतील. तिसरा माणूसही तेच म्हणतोय हे कारण पुरेसं आहे का, हे मत लिहिण्याआधी प्रत्येकाला कळायला हवं.

जगात इतरत्रही रस्ता हाच होता. ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वावरच्या ग्रंथात म्हणतो, की लोकांच्या सभेत बोलताना प्राणिकथा कामाला येते. घडलेल्या इतिहासातून नेमका दाखला शोधणं अवघड, कथा रचणं त्या मानानं सोपं. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन सांगतो, की मुलांना इसापच्या गोष्टी आधी स्वच्छ भाषेत सांगायला आणि मग लिहायला शिकवा. पुढे चौथ्या शतकात अँटिओकच्या अफ्थोनियसनं लेखनाचे चौदा पाठ क्रमानं लावले. पहिला पाठ प्राणिकथेचा. पाचवा एखादं कथन खोडून काढण्याचा, सहावा त्याचं समर्थन करण्याचा. चौदावा पाठ कुठला असेल? प्रस्तावित कायद्याच्या बाजूनं किंवा विरोधात बोलण्याचा. कोल्ह्याच्या गोष्टीपासून सुरुवात करून कायद्यापर्यंत, एकाच जिन्यानं!

पण एवढ्या लांब जायचीही गरज नाही. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. या पंथाच्या ग्रंथांत एक आहे ‘दृष्टांतपाठ’. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितलेले ११४ दृष्टांत केसोबासांनी त्यात एकत्र केले. त्याची बांधणी पाहून मी थक्क होतो. प्रत्येक ठिकाणी आधी येतं सूत्र, म्हणजे एक ठाम विधान. मग दृष्टांत, म्हणजे छोटीशी गोष्ट: आंधळ्यांनी हत्ती चाचपला आणि ज्याच्या हाताला जे लागलं तेवढाच त्याला हत्ती कळला, तसली. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या विधानाला कशी लागू पडते त्याचा उलगडा. विधान, दाखला, उलगडा. आज जगभरच्या शाळांत मताचा परिच्छेद लिहायला शिकवताना हाच साचा फळ्यावर काढतात. मराठी गद्य अगदी कोवळं होतं तेव्हाच त्याच्याकडे तो होता.

आणि तो साचा बीडच्या गावांतून कधी गेलाच नाही. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार अभंगाचं चरण घेतात, त्याचं निरूपण करतात आणि ते मनात उतरावं म्हणून दृष्टांत देतात. मागच्या रांगेत पेंगणारं पोर दृष्टांताला बरोबर जागं होतं. म्हणजे या जिल्ह्यातलं मूल शाळेत येतं तेव्हा युक्तिवादाची लय त्याच्या कानात आधीच बसलेली असते.

मात्र एक अडचण आहे. कीर्तनात काय किंवा ग्रंथात काय, तिसरा भाग मोठ्यांच्या हातात असतो. गोष्टीचा अर्थ मोठी माणसं सांगतात, मुलानं मान डोलवायची. छापील पुस्तकांनी हे आणखी घट्ट केलं. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाली. तेव्हापासून मराठी मुलांच्या पिढ्या इसापनीतीवर वाढल्या, आणि गोष्टीखालचं ‘तात्पर्य’ पाठ करत वाढल्या. गोष्टीत काय सापडलं हे मुलानं शोधायच्या आधीच खाली छापून तयार!

म्हणून माझं एकच सांगणं आहे. त्या तात्पर्यावर हात ठेवा. गोष्ट वाचा, पण तात्पर्य मुलाला लिहू द्या. आणि लिहिलेलं का खरं, ते त्याला सिद्ध करायला लावा.

मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट घ्या. मुंगी उन्हाळाभर राबली, साठवलं, म्हणून हिवाळ्यात तिला खायला मिळालं. नाकतोडा गात बसला, उपाशी राहिला. छापील तात्पर्य आपल्याला पाठ आहे. आता हीच गोष्ट शिरूर कासार किंवा वडवणीकडच्या हंगामी वसतिगृहात वाचली जातेय असं समजा. दिवाळीच्या आसपास या मुलांचे आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. भल्या पहाटे फडात, रात्री कोपीवर. हंगाम संपेपर्यंत मुलं इथे, आजीआजोबांपाशी किंवा वसतिगृहात. तात्पर्य झाकलं, तर यातली एखादी मुलगी लिहील: मला हे पटत नाही. जो राबतो त्याच्याकडे साठतं असं नसतं. माझे आईबाप मुंगीपेक्षा जास्त राबतात, पण त्यांची मजुरी आधी घेतलेली उचल फेडण्यात जाते. मुंगीनं कुणाकडून उचल घेतली होती का, ते गोष्टीत सांगितलेलं नाही.

थांबून बघा तिनं काय केलं. विधान केलं, दाखला दिला, तो का लागू पडतो ते उलगडलं, आणि गोष्टीनं कुठली बाब गृहीत धरलीय त्यावर नेमकं बोट ठेवलं. अफ्थोनियसचा पाचवा पाठ तिनं एका परिच्छेदात पुरा केला. आणि शेजारचा मुलगा कदाचित दुसऱ्याच बाजूनं येईल: गाणं हे काम नाही असं कोण म्हणतं? सप्ताहात कीर्तनकारांना बिदागी देतातच की, मग मुंगीनं गाणं ऐकून नाकतोड्याला चार दाणे द्यायला काय हरकत होती? हाही युक्तिवाद आहे, आणि कच्चा नाही.

असल्या वादाचा लेखनावर काय परिणाम होतो, हे इलिनॉय विद्यापीठात रिचर्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलंय. चौथी-पाचवीच्या वर्गांत छोटे गट केले. प्रत्येक गटानं एक गोष्ट वाचायची आणि तिच्यातल्या एका अवघड प्रश्नावर बोलायचं. हात वर करून परवानगी मागायची नाही, शिक्षकांनी जमेल तितकं मागे राहायचं. काही आठवड्यांनी या मुलांना एका वेगळ्याच गोष्टीवर मत लिहायला दिलं. अशा चर्चा न केलेल्या मुलांपेक्षा यांच्या लिखाणात कारणं जास्त होती, समोरच्याचा आक्षेप ओळखून त्याला दिलेली उत्तरंही जास्त होती. कुणी त्यांना निबंधाचे मुद्दे सांगितले नव्हते. बोललेलं कागदात झिरपलं.

याच संशोधकांच्या आणखी एका अभ्यासातली गोष्ट मला विलक्षण वाटते. चर्चेत एखाद्या मुलानं वाद घालण्याची नवी तऱ्हा वापरली, समजा ‘तू म्हणशील की अमुक, पण…’ अशी, तर ती दुसरं मूल उचलतं, मग तिसरं. आणि पुढे पुढे ती जास्त जास्त वेगानं पसरते. बर्फाचा गोळा घरंगळताना वाढत जातो तसं, म्हणून त्यांनी या प्रकाराला ‘स्नोबॉल’ म्हटलं. म्हणजे विचार करण्याची पद्धतसुद्धा मुलांमध्ये लगोरीच्या नियमांसारखी एकमेकांकडूनच जाते. शिक्षकांनी पहिला प्रश्न नीट टाकला की पुष्कळ झालं.

प्रश्न कसा असावा? ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो’ हा प्रश्न मुलाला मोठ्यांच्या मनातलं ओळखायला लावतो. ‘वाघानं म्हातारीचं ऐकायला हवं होतं का’ हा प्रश्न त्याला ठरवायला लावतो. दोन्ही बाजूंना खरी कारणं असतील असा प्रश्न हवा, आणि बोलता बोलता मत बदललं तर इकडच्या गटातून तिकडे जायची मुभा हवी. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीनं सांगायचं आणि मगच आपलं. दहा वर्षांच्या मुलालाही हे जमतं. फक्त त्याला आधी वाघाच्या बाजूनं चार ओळी लिहायला सांगायच्या.

भाषेचं मात्र सांभाळावं. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, वाडीतलं मूल त्याच्या बोलीत भांडतं. पहिला कच्चा मजकूर त्याच बोलीत येऊ द्यावा. मत तयार होत असताना शुद्धलेखनाची लाल रेघ आली की मूल मत सोडतं आणि शुद्ध तेवढं लिहितं. प्रमाण मराठीत उतरवणं हे नंतरचं काम, आणि तेही महत्त्वाचंच.

पुस्तकं कुठली घ्यायची, यात आता चणचण नाही. डोरीन क्रोनिन या अमेरिकन लेखिकेचं २००० साली आलेलं एक चित्रपुस्तक या कामासाठी जगभर वापरतात. गोठ्यातल्या गायींना जुना टाइपरायटर सापडतो. त्या मालकाला पत्र लिहितात: गोठा गार पडतो, विजेवर तापणारी पांघरुणं हवीत. मालक नाकारतो. गायी दूध बंद करतात, कोंबड्या अंडी बंद करतात. निरोप्या म्हणून बदक, कारण ते कुणाच्याच बाजूचं नाही. शेवटी तडजोड होते: टाइपरायटर परत, पांघरुणं मिळतात. आणि मग बदकं त्यांची स्वतःची मागणी टाइप करून पाठवतात! घरोघरी जित्राब असलेल्या बीडच्या गावात हे पुस्तक वाचल्यावर गोठ्यातल्या म्हशीचं मालकाला पत्र कुणाला लिहावंसं वाटणार नाही? आणि मालकाचं उत्तर? शाळेतल्या ‘मागणीपत्रा’चा रुक्ष नमुना इथे एकदम जिवंत होतो, कारण आता खरंच काहीतरी मागायचं असतं.

मराठीतही पुष्कळ आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा मोकळ्या परवान्यानं मिळतात, छापून वाटायलाही आडकाठी नाही. माधुरी पुरंदरे यांच्या राधा आणि यशच्या गोष्टींत घरातले इतके खरे प्रसंग आहेत की प्रत्येक पानावर ‘तू असतास तर’ विचारता येतं. त्यांचं ‘लिहावे नेटके’ तर लिहिण्याच्याच सरावासाठी आहे. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, एक मुलगी स्वतःची वही लिहिते, हे नुसतं पाहूनही वर्गातल्या मुली वह्या शिवतील. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वाचनालय हवं, आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुस्तकपेटी कुलपातून बाहेर काढा, एवढी मागणी तर पालकही लेखी करू शकतात.

एकेकट्यानं लिहायची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी गावात एक पद्धत सापडली होती. तिथल्या फादर मिलानी यांच्या शाळेतल्या, मोठ्या शाळांनी नापास करून हाकललेल्या शेतकऱ्यांच्या आठ मुलांनी १९६७ मध्ये शिक्षिकेला एक लांबलचक पत्र लिहिलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावानं आलंय. गरिबांची मुलंच का नापास होतात, असा त्याचा सवाल. लिहिलं कसं? प्रत्येकाच्या खिशात छोटी वही. सुचलं की टिपायचं, एका कागदावर एकच मुद्दा. मग सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे, दुबार आलेले काढायचे, सारख्या मुद्द्यांचे ढीग करायचे. ढीग म्हणजे प्रकरण. ढिगाला नाव देता आलं नाही, तर त्यात काही अर्थ नाही किंवा दोन विषय मिसळलेत. शेवटी बाहेरच्या, फार न शिकलेल्या माणसांना वाचायला लावायचं. ती जिथे अडतील तिथे लिहिणाऱ्याचं चुकलं. वसतिगृहाच्या सतरंजीवर चिठ्ठ्या पसरून हे जसंच्या तसं करता येईल.

मला यात बीडच्या इतिहासाचाही धागा दिसतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. साधी सभा भरवायची तरी ‘गश्ती निशाण ५३’प्रमाणे आधी परवानगी लागे. त्या काळात स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईत शाळेत शिकवत होते. जिथे मोठ्यांना उघड मत मांडायची चोरी होती, त्याच भूमीत आज चौथीतलं मूल कागदावर ‘मला हे पटत नाही, कारण’ असं लिहू शकतं. ही लहान गोष्ट नाही.

आणि म्हणूनच त्या कागदाला नुसती बरोबरची खूण देऊन गठ्ठ्यात टाकू नये. गोष्टींवर भांडून हात बसला की मुलं आपल्याच मागण्यांकडे वळतात: नळाला पाणी सकाळी यावं, वाचनाचा तास रोज असावा, आईशी फोनवर बोलायची वेळ वाढवावी. ही पत्रं ज्याच्या नावानं लिहिली त्याला पोचली पाहिजेत, मग ते मुख्याध्यापक असोत, अधीक्षक असोत की ग्रामसेवक. आणि त्यांनी लेखी उत्तर दिलं पाहिजे. ‘नाही’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण कारणांसकट. कारण पाचवीतल्या मुलीला नकाराचं पत्र आलं आणि त्यात तीन कारणं असली, तर ती त्यातलं कच्चं कारण कुठलं ते हुडकते आणि दुसरं पत्र लिहायला बसते.